पितळी नट, नग आठ

या गाडीला पाणी लागत नाही, एवढ्या एका वाक्यावर बिरप्पा गडद्यांनी ती मोटार घेतली. सोलापुरात नळ एक दिवसाआड यायचा, आणि आला तरी बादली भरेपर्यंत टिकेलच असं नसायचं. बिरप्पा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. दिवसभर पाण्याच्या फायली वर-खाली करायच्या आणि घरी येऊन रिकाम्या पिंपाकडे बघायचं, अशा माणसाला बिनपाण्याच्या इंजिनाचं किती अप्रूप वाटलं असेल, हे ज्याने सोलापुरात उन्हाळा काढलाय त्यालाच कळेल. हवेवर थंड होणारं इंजिन. हवा सोलापुरात भरपूर होती. ती थंड नव्हती ही गोष्ट व्यवहार झाल्यावर लक्षात आली, पण ते असो.

गाडी होती हिरवी, कासवाच्या पाठीची जर्मन फोक्सवॅगन. इंजिन मागे, सामानाची जागा पुढे. पेट्रोल भरायचं तोंडही पुढच्या झाकणाखालीच. पहिल्यांदा पंपावर नेली तेव्हा तिथल्या माणसाने झाकण उघडलं, आत एक स्टेपनी आणि बरीच मोकळी जागा पाहिली, झाकण हलकेच टेकवलं आणि दुखवट्याला आल्यासारखं विचारलं, "कधी गेलं?"

असे प्रसंग सोडले तर दोन वर्षं गाडी गुमान चालली. मग चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, ऑफिसच्या वेळेला, ऐन सात रस्त्याच्या चौकात तिने तोंड उघडलं.

तोंड म्हणजे मागचं. मागच्या बाजूने काहीतरी टणटण करत रस्त्यावर सांडलं आणि पाठोपाठ असा आवाज सुरू झाला, की टांग्याचा घोडा उतारूंची वाट न बघता घराकडे निघाला. चौकातल्या हवालदाराने दोन्ही हात एकदम वर केले. वाहतुकीच्या कुठल्याच खुणेत हे बसत नाही; पण सगळी वाहतूक थांबली, हेही खरं. बिरप्पा त्या आवाजासकट ऑफिसात पोचले. वर एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेब पत्र सांगत होते, ते अर्ध्या वाक्यात थांबले. दुपारी मेमो आला: "आपले वाहन कार्यालयाच्या आवारात आणताना यंत्र बंद ठेवून, ढकलून आणावे." जावक रजिस्टर बिरप्पांकडेच असल्यामुळे स्वतःविरुद्धच्या त्या मेमोला जावक क्रमांकही त्यांनाच घालावा लागला. तो त्यांनी सुवाच्य अक्षरात घातला.

दुसऱ्या दिवसापासून साडेदहा वाजता ऑफिसच्या फाटकातून एक दृश्य दिसू लागलं. हेडक्लार्क स्टिअरिंगवर ताठ बसलेले आणि मागून दोन शिपाई रेटतायत. शिपायांचं काही म्हणणं नव्हतं. फक्त त्यातला एक दर वेळी फाटकातून आत आल्यावर "विठ्ठल, विठ्ठल" म्हणायचा, ते बिरप्पांना लागायचं.

सायलेंसर बांधून घेऊ सावकाश, असं त्यांच्या मनात होतं. पण घरी गोजाबाई बसल्या होत्या.

गोजाबाई म्हणजे बिरप्पांची आई. वय सत्तरीच्या आसपास. नक्की किती ते बिरप्पांना माहीत नव्हतं आणि त्यांना सांगायचं नव्हतं. मंगळवेढ्याच्या पलीकडची खडकेवाडी हे त्यांचं माहेर. तिथे त्यांचा भाऊ बाळासो, त्याची मेंढरं आणि त्याची बायको म्हाळसाबाई. म्हाळसाबाईंनी मागच्या दिवाळीला चार बायकांत म्हटलं होतं, "वन्संच्या गाडीची गोष्ट लई ऐकलीया. गाडी काय अजून दिसली न्हाय." हे वाक्य गोजाबाईंनी तेव्हापासून पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं होतं. आता बाळासोच्या नातवाचं जावळ होतं, तीन आठवड्यांवर.

"आई, गाडीचं जरा काम निघालंय. एसटीनं जाऊया का?" बिरप्पांनी विचारून पाहिलं.

"मी कारड टाकलंय."

"कसलं कार्ड?"

"तूच न्हाय का लिवलंस? शनिवारी गाडीनं येतू म्हून. आता यष्टीनं गेलू तर म्हाळसा म्हनंल, गाडीत लई मानसं हायत, कुटल्या गावची गाडी म्हनायची ही?"

दुसऱ्या सकाळी बिरप्पा गुंडा मिस्त्रीकडे गेले.

गुंडा मिस्त्री हा जीपांचा माणूस. तो पोतं अंथरून गाडीखाली गेला आणि बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "साहेब, ह्यो सायलेंसर इंजिनाला आठ नटांवर लटकतुया. तीन नट सांडल्यात. पाच हायत, पन गंजून अशी बसल्यात की त्येंचं आनि स्टडाचं लगीन लागलंय."

ते लग्न मोडायला दोन दिवस रॉकेल आणि हातोडी लागली. आठही स्टड, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेले बिनडोक्याचे बोल्ट, मोकळे झाले. "आता काय, अडीच सुताचं आठ नट आना. कुटंबी मिळत्यात," मिस्त्री म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सगळं सोलापूर त्याच मापाने नटबोल्ट घेत होतं. बिरप्पांनी नट आणले. पहिला नट स्टडवर चढवला. एक आटा गेला, दोन आटे गेले, आणि तो थांबला. दुसरा नट लावला, तोही दोन आट्यांवर थांबला. बरोबर दोन. दिसायला माप तेच, जाडी तीच. पण आतल्या आट्यांची चाल वेगळी. ही गाडी मिलिमीटरची होती आणि बाजार सुताचा. मिस्त्रीने ही बातमी शांतपणे दिली आणि एका जीपखाली निघून गेला.

इथपर्यंतही ठीक होतं. पण बिरप्पांनी गाडी ढकलत विजापूर रस्त्यावरच्या आपल्या सोसायटीत आणली, आणि सोसायटीला गाडीचं दुखणं कळलं.

पेन्शनीतल्या पोस्टमास्तरांनी सांगितलं, नट कशाला, गॅल्व्हनाइझची तार घ्या आणि आवळून बांधा, पार्सलाला बांधतात तशी. समोरच्या काकूंनी शेणात मेण कालवून लिंपायचा उपाय सांगितला. त्यांच्या माहेरी चुलीच्या धुराड्याला तसंच करत. पण खरे अधिकारी होते हिंदुराव. हिंदुराव बँकेत होते, त्यांच्याकडे स्कूटर होती आणि स्कूटरबरोबर आलेला पान्यांचा संच होता. ते बनियनवर बाहेर आले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गडदेसाहेब, स्कूटर काय अन् मोटार काय, तत्त्व एकच. दोन आट्यांवर थांबतोय म्हणजे नट नवा आहे. नव्याला जोर लावावा लागतो."

"मिस्त्री म्हणतो माप वेगळं आहे."

"मिस्त्री जोर लावत नाहीत. जोर घरच्या माणसालाच लावावा लागतो."

हिंदुरावांनी पान्याला दोन फुटी पाइप अडकवला. तिसरा आटा गेला. हिंदुरावांनी वर पाहिलं; त्या नजरेत विजय होता. मग त्यांनी चौथ्यासाठी पाय भिंतीला लावला. टक्, असा छोटासा आवाज झाला आणि हिंदुराव पाइपासकट मागे तुळशीवृंदावनापर्यंत गेले. हातातल्या पान्यात नट होता आणि नटात स्टडचा तुकडा. उरलेला स्टड इंजिनात.

पोस्टमास्तरांनी तुळशीवृंदावन शाबूत आहे का ते पाहिलं.

"स्टड आधीपासूनच कमजोर होता," हिंदुराव म्हणाले. "बरं झालं आत्ताच कळलं. रस्त्यात तुटला असता तर?"

तो तुकडा ड्रिल मारून काढायला आणि नवा स्टड बसवायला गुंडा मिस्त्रीचा आठवडा गेला. त्या आठवड्यात बिरप्पा चालत ऑफिसला जात होते. शिपायांनी दोन दिवस चौकशी केली, मग त्यांनाही सवय झाली.

गाडीच्या खणात एक पुस्तक होतं. सगळं जर्मन. त्यात सायलेंसरचं चित्र होतं, नटांकडे बाण दाखवले होते आणि बाणांच्या शेपटीला मजकूर होता. काय बसवायचं ते त्यात असणारच. पण सोलापुरात जर्मन कोणाला येतं? तेवढ्यात बिरप्पांना डोळ्यांचे डॉक्टर हिरेमठ आठवले. डॉक्टर चाळीस वर्षांपूर्वी व्हिएन्नाला वर्षभर शिकून आले होते. गोजाबाईंना मोतीबिंदू दाखवायचाच होता. बिरप्पांनी एका खेपेत आई आणि पुस्तक दोन्ही नेलं.

डॉक्टरांनी आधी गोजाबाईंचे डोळे पाहिले, मग पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या.

"गडदे, हे मोटारीचंच पुस्तक आहे ना?"

"हो. का?"

"इथे असं लिहिलंय, की आई नेहमी नवी घ्यावी. एकदा काढलेली जुनी आई पुन्हा वापरू नये."

बिरप्पांनी आईकडे पाहिलं. आई भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होत्या.

"शब्द 'मुटर' आहे," डॉक्टर अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "मुटर म्हणजे आई, यात शंका नाही. माझी घरमालकीण होती तिथे, तिला सगळे... बरं, पुढे बघू. 'आई तांब्याने मढवलेली असावी.' हं. 'आठ मिलिमीटर.' 'षटकोनी.'" डॉक्टर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "षटकोनी म्हणजे नट असावा. नटालाही ते आईच म्हणत असतील."

"आनि अशा आठ लागत्यात व्हय, एका गाडीला?" गोजाबाईंनी तक्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"हो, आठ."

"आमच्या घराला एकच हाय. ती बी अजून काडली न्हाय कुनी."

डॉक्टर हसले. बिरप्पांना हसावं की नाही ते ठरवता आलं नाही. घरी येताना रिक्षात गोजाबाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "बिरबा, जुनी काडून टाकायची म्हन्तुय तर तांब्यानं मडवून तरी ठिव." आणि पदराने तोंड झाकून त्या इतक्या हसल्या की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

तांब्याने मढवलेले आठ मिलिमीटरचे नट. बिरप्पांनी सगळा बाजार पालथा घातला. मुंबईला पत्र टाकलं. उत्तर आलं, सहा महिने. जावळाला नऊ दिवस होते.

शेवटी वाट दाखवली राजेशमने. राजेशम सोसायटीच्या मागच्या गल्लीत राहायचा, एका कापड गिरणीत फिटर होता, घरी तेलुगू आणि बाहेर स्वतःची अशी एक मराठी बोलायचा. मितभाषी माणूस. त्याने सायलेंसर पाहिला, स्टडवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "लोखंडाला लोखंड लावायचं नाय सार. गरमीत धरून बसतंय, मग निघत नाय. निव्वळ तांबं मऊ, आटे सोडतंय. पितळ घ्या. पितळ कितीबी तापू दे, पाना लावला की सुटतंय. आमच्या गिरणीत नवीन माग हाय, त्याचे आटे मिलिमीटरचेच. आटे पाडायचा टॅप हाय तिथं. फोरमनला विचारून जेवायच्या सुट्टीत करून देतो."

पितळाची जाड कांब हवी होती. बोहारणीपासून भांड्यांच्या दुकानापर्यंत पत्रा सगळीकडे. कांब एकाच दुकानात, तीही अख्खी आठ फुटी. तोडून द्यायला दुकानदार तयार नव्हता. "आठ नटांना आठ फूट? काय, रणगाडा आहे का?" त्याने विचारलं. बिरप्पा हात हलवत परतले. त्यांनी बायकोला, मायाक्कांना, ही सगळी हकिकत स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितली. मायाक्का भाकरी थापत "हं, हं" करत होत्या. आतल्या खोलीतून काही तरी जड ओढल्याचा आवाज आला. गोजाबाई घंगाळ घेऊन आल्या होत्या.

ते त्यांच्या लग्नातलं घंगाळ. तांब्याचं, दोन बाजूंना अंगठ्याएवढ्या जाड पितळी कड्या, कड्यांवर वेलाची नक्षी.

"ह्यातली येक कडी काड."

"आत्या, लग्नातलं आहे ते," मायाक्का म्हणाल्या.

"लग्नातलं हाय म्हून तर जाड हाय. दोन्ही हातानं घंगाळ उचलायचं दिस गेलं माजं. येका कडीनं बी भागतंय."

बिरप्पांना ते बरं वाटलं नाही. पण कार्ड गेलं होतं. त्यांनी कडी काढली, कागदात गुंडाळली आणि राजेशमला दिली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राजेशम आला तो रोजच्यासारखा मागच्या दाराने नव्हे, पुढच्या दाराने. टोपी हातात. खुर्चीवर बसला नाही.

नट झाले होते. फोरमनची परवानगी तोंडी होती आणि फोरमन दुसऱ्याच दिवशी लग्नाला गुलबर्ग्याला गेला होता. राजेशमने आठ नट जेवणाच्या डब्यात ठेवले. खिशात ठेवले असते तर खिसा फाटला असता, एवढाच विचार. फाटकावर झडती झाली. पहारेकऱ्याने रजिस्टरात लिहिलं: "पितळी नट, नग आठ. जेवणाचे डब्यात, चटणीखाली." त्या शेवटच्या शब्दाने घात केला. नुसत्या डब्यात असलेला नट हा नट असतो. चटणीखालचा नट ही चोरी होते. चौकशी पुरी होईपर्यंत कामावर यायचं नाही, असं सांगून त्याला घरी पाठवलं होतं.

"बावीस वर्षं झाली सार," राजेशम म्हणाला. "आजपर्यंत सुताचा धागा नाय आणला बाहेर." त्याचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच बिरप्पांना ते ऐकवेना.

मेमो, ढकलगाडी, तुटलेला स्टड या सगळ्यात बिरप्पांना स्वतःची कीव येत होती. आता पहिल्यांदाच ती आली नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि सकाळी रजा टाकून गिरणीत गेले. हातात फुलस्केपवर लिहिलेला अर्ज, तीन प्रतींत, समास सोडून. अर्ज लिहिण्यात बिरप्पांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. दुर्दैवाने अर्ज वाचण्यात रेवणप्पा हत्तुऱ्यांचाही हात धरणारा नव्हता. हे गिरणीचे स्टोअर ऑफिसर. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्वाचा दीर्घ केला आणि विचारलं, "पितळ आपलं, असं आपण म्हणता. पुरावा?"

"घंगाळाची कडी होती."

"कडीची पावती?"

"लग्नात आलेलं घंगाळ आहे."

"कोणाच्या लग्नात?"

"माझ्या आईच्या."

"आपण हजर होता?"

बिरप्पांनी अर्जाची दुसरी प्रत चाळली.

"म्हणजे ऐकीव माहिती," हत्तुरे म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. "बरं, कडी गिरणीत आत आली त्याची आवक नोंद?"

"नाही. त्यांनी खिशातून नेली."

"मग पंचाईत आहे. आत न आलेली वस्तू बाहेर कशी जाईल? उद्या मला कोणी विचारलं तर?"

बिरप्पांना राग आला असता. पण अडचण अशी होती, की हत्तुऱ्यांचं म्हणणं त्यांना पटत होतं. आपल्या ऑफिसात त्यांनी स्वतः हेच म्हटलं असतं, याच शब्दांत. घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. गोजाबाईंनी एकच प्रश्न विचारला, "त्यो मानूस बसतुय कुटं?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गिरणीच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि त्यातून नऊवारीतल्या एक बाई घंगाळ काखेत घेऊन उतरल्या. मागून बिरप्पा आणि राजेशम. पहारेकऱ्याने विचारायच्या आत गोजाबाई म्हणाल्या, "लिव. घंगाळ येक. कडी येक. म्हातारी येक. समदं आत येतंय." त्याने लिहिलं.

घंगाळ हत्तुऱ्यांच्या टेबलावर बसलं तेव्हा दौत हलली.

"ही डावी कडी," गोजाबाई म्हणाल्या. "उजवी तुमी खनात घालून ठिवलीया. मी लग्नाला हजर हुतू. काय इच्यारायचं ते मला इच्यारा."

हत्तुऱ्यांनी घंगाळाच्या काठावर कोरलेलं गोजाबाईंचं नाव वाचलं. मग राजेशम हळूच म्हणाला, "साहेब, कडी सगळी लागली नाय. अर्धा तुकडा उरलाय. माझ्या खणात हाय, कागदावर गडदेसाहेबांचं नाव घातलंय. परत द्यायचा होता."

तुकडा मागवला. त्यावर वेलाची नक्षी होती. हत्तुऱ्यांनी तो घंगाळाच्या कडीशेजारी धरला. पान तसंच, देठ तसाच, प्रत्येक तिसऱ्या पानाला तोच एक वाकडा ठोका. ते बराच वेळ पाहत राहिले. मग राजेशमकडे बघून म्हणाले, "कामावर जा. आजची हजेरी लागेल." राजेशमने टोपी घातली. बिरप्पांना एकदम खूप चहा प्यावासा वाटला.

"नटांचं मात्र अवघड आहे," हत्तुरे म्हणाले. "आवक नोंद नाही ती नाहीच."

दोन जाणते कारकून समोरासमोर बसले आणि विचार करू लागले. मार्ग बिरप्पांनी काढला. नट जर आज बाहेरून आत आले, तर त्यांची आवक पडेल. आवक पडली, की पास देता येईल.

"पण बाहेरून आत यायला ते आधी बाहेर गेले पाहिजेत. ते बिनपासाचे कसे जाणार?"

बिरप्पांनी मान डोलावली; मुद्दा खरा होता. हत्तुऱ्यांनी खणातून नटांची पुडी काढून टेबलाच्या कडेला ठेवली, उठले, आणि खिडकीतून चिमणीच्या धुराकडे पाहू लागले. ते इतका वेळ पाहत राहिले की गोजाबाईंना पुडी कनवटीला लावून फाटकाबाहेर जाऊन सावकाश परत आत येता आलं. पहारेकऱ्याने लिहिलं: "पितळी नट, नग आठ, आवक." दहा मिनिटांनी त्याने लिहिलं: "पितळी नट, नग आठ, जावक. पास सोबत."

शुक्रवारी नट बसले. राजेशमने आट्यांना ग्रॅफाइट लावलं, आठही नट आधी बोटांनी फिरवले आणि मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले. पान्याला पाइप लावला नाही. मायाक्कांनी हिंदुरावांना चहाला आत बोलावलं होतं आणि चहानंतर पोहे आणि पोह्यांनंतर पुन्हा चहा दिला. गाडी सुरू झाली. शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक तेवढी येत होती. सोसायटीतली माणसं गॅलरीत उभी होती. त्यातले काही जरा हिरमुसले. बिरप्पांनी मात्र डोळे मिटून तो आवाज ऐकला. संध्याकाळी त्यांनी कारण नसताना गाडी ऑफिसच्या फाटकातून आत नेली आणि बाहेर आणली.

शनिवारी सकाळी निघाले. मायाक्का मागे घरीच राहिल्या. सोसायटीत पाणी यायचा दिवस होता. गोजाबाई पुढे बसल्या. नवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर जावळाचं अंगडं-टोपडं. मंगळवेढ्यात चहा झाला. बिरप्पा खुशीत होते. वळणावर म्हणायचे, "बघ आई, काही ऐकू येतंय का?" आई म्हणायच्या, "न्हाय."

खडकेवाडीत पोचायला दुपारचे दोन वाजले. ऊन असं, की झाडांच्या सावल्याही झाडाखाली शिरून बसलेल्या. गाडी वेशीतून आत आली, पारापाशी आली. पारावर एक म्हातारा झोपला होता, तो झोपलेलाच राहिला. एका कुत्र्याने मान उचलली आणि खाली ठेवली. बाळासोच्या दारात गाडी थांबली. दार लोटलेलं. घरातली सगळी बायामाणसं मागच्या वाड्यात उद्याचं दळण-कांडण करत असावीत; जात्याची घरघर येत होती. गाडीपेक्षा जात्याचा आवाज मोठा होता.

बिरप्पा उतरले, आईच्या बाजूचं दार उघडलं. गोजाबाई हलल्या नाहीत.

"उतर की."

"कुनी बगितलं?"

"काय?"

"मी गाडीत बसल्याली कुनी बगितलं?"

बिरप्पांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. "हॉर्न वाजवू?"

"यष्टी बी हारन वाजीवती." गोजाबाईंनी पदर नीट केला. "गाडी माघारी घे. वेशीच्या भाईर."

बिरप्पांनी गाडी वेशीबाहेर बाभळीखाली नेली. गोजाबाई सरळ समोर बघत होत्या.

"बिरबा, त्ये नट निगत्यात का रं?"

बिरप्पांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांना सात रस्ता दिसला, मेमो दिसला, चटणीखालचे नट दिसले, खिडकीतून धूर बघणारे हत्तुरे दिसले. काहीतरी बोलावं असं वाटलं. पण आईच्या नाकातली नथ उन्हात अगदी स्थिर होती. ते खाली उतरले. इंजिन जरा निवेपर्यंत बाभळीखाली उभे राहिले, मग हातरुमाल गुंडाळून पाना घेतला आणि गाडीखाली शिरले. राजेशमचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. एवढे तापलेले नट, पण पाना लागताच लोण्यासारखे सुटले. एका बाजूचे दोन नट त्यांनी खिशात घातले, पॅन्टची माती झटकली आणि गाडी सुरू केली.

खडकेवाडीने असा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. पारावरचा म्हातारा उठून उभा राहिला. कोंबड्या छपरावर गेल्या. लांब माळावर मेंढरं एका दिशेने पळाली आणि त्यांच्यामागून माणसं पळाली. दारं उघडली, माणसं ओट्यावर आली, बाया कमरेला पदर खोचलेल्या तशाच आल्या. बाळासोच्या दारात म्हाळसाबाई पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी उभ्या होत्या. गोजाबाई कुणाकडेही न बघता, काचेतून समोर नजर लावून बसल्या होत्या. गाडी थांबल्यावर त्यांनी मनात दहा मोजावेत इतका वेळ जाऊ दिला. मग त्या खाली उतरल्या.

"वन्सं, बया, केवडी ही गाडी," म्हाळसाबाई म्हणाल्या. "कानाचं दडंच बसलं की."

"व्हय," गोजाबाई म्हणाल्या. "जरा बोलती. जर्मनची हाय."

म्हाळसाबाईंनी गाडीच्या पाठीवरून हात फिरवला. हिरव्यावर पिठाची पाच बोटं उमटली. आवाज थांबला तसे लोक जवळ आले. कोणी काचेत तोंड पाहिलं, कोणी पाणी कुठे घालायचं विचारलं. बाळासो माळावरून धापा टाकत आला आणि बहिणीच्या पाया पडला. बिरप्पांच्या खिशात दोन नट अजून कोमट होते. गर्दी जरा पांगली तसे ते आईच्या कानाशी वाकले.

"आई, आता लावू का नट?"

गोजाबाईंनी म्हाळसाबाईंचा हात धरला आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. स्वतः मागे बसल्या.

"ऱ्हाऊ दे जरा," त्या म्हणाल्या. "वरची आळी ऱ्हायलीया अजून."